माशांची टाकी, हीटर आणि गेलेली वीज



राज्याच्या २०१७ सालच्या कांदळवन संवर्धन व उपजीविका निर्माण योजनेत खेकडे, कालवं यांच्याबरोबर शोभिवंत मासेही आले. आपल्या कुडाळ तालुक्यात मुळद्याला कोकण कृषी विद्यापीठाचं शोभिवंत माशांचं केंद्र आहे. त्यामुळे गप्पी, मोली, एंजल ही नावं गटांना नवी नाहीत. थंडी पडली की मात्र एक प्रश्न हमखास येतो: टाकीला हीटर लावायचा का, आणि कुठला?

आधी दोन थर्मामीटर घ्या. आठ दिवस पहाटे आणि दुपारी पाण्याचं तापमान वहीत लिहा. गोल्डफिशला हीटर लागत नाही. एंजलला २५ ते २८ अंश बरं, डिस्कसला २८ ते ३०. पाणी एका रात्रीत चार-पाच अंश उतरलं की माशांची ताकद कमी होते आणि अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसू लागतात. वहीत एवढा फरक नसेल, तर झाकण आणि बाजूने थर्माकोल पुरेसा आहे. गटाचे पैसे वाचतील.

ज्यांच्याकडे कॅनिस्टर फिल्टर आहे, म्हणजे टाकीखाली ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर, त्यांना इनलाइन हीटर लावता येतो. तो टाकीत नसतो, पाइपात बसतो. त्यामुळे मासे त्याला चिकटून भाजत नाहीत. फिल्टरमधून गाळलेलं पाणी ज्या पाइपाने टाकीत परत जातं, त्याच पाइपावर तो लावायचा, म्हणजे आत गाळ साचत नाही. बहुतेक हीटर उभे बसवायचे असतात. पेटीतला कागद वाचून घ्या. आधी फिल्टर सुरू करून पाइपातली हवा जाऊ द्या, मग हीटर.

तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत साधारण १९० लिटर पाणी मावतं. लिटरला एक वॅट धरला तर २०० वॅटचा हीटर झाला. तो सलग पाच तास चालला की एक युनिट वीज जाते. हा खर्च माशांच्या किमतीत धरा.

आता महत्त्वाचं. हा हीटर वाहत्या पाण्यावर चालतो. फिल्टर बंद पडला आणि हीटर चालू राहिला, तर पाइपातलं थोडंसं पाणी लगेच तापतं. हीटरला वाटतं काम झालं. तो बंद होतो आणि टाकी गारच राहते. पाइपात हवा असेल तर हीटर जळूही शकतो. म्हणून दोघांना एकच बटण द्या आणि टाकीत वेगळा थर्मामीटर ठेवा.

वीज गेली की टाकीला गोधडी गुंडाळा, हवेला फट ठेवा. उकळतं पाणी ओतू नका, खाणं देऊ नका. इन्व्हर्टर असेल तर त्यावर हवेचा पंप लावा. हीटर बॅटरी लगेच संपवतो. वीज बरेच तास आली नाही तर बंद डब्यातला प्राणवायू संपतो आणि पाणी कुजतं. वीज आल्यावर फिल्टर तसाच सुरू करू नका. डब्यातलं पाणी फेका, आतला स्पंज टाकीच्याच पाण्यात खळखळून घ्या, मग चालू करा. नाहीतर ते घाण पाणी टाकीत जाऊन रात्रभर तगलेले मासे सकाळी मरतात.

आणि स्वतःला जपा. पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढायचाच, नुसतं बटण बंद करून भागत नाही. वायरीला प्लगच्या खाली झोळ द्या, म्हणजे ओघळ प्लगात न जाता खाली टपकेल. अर्थिंग तपासून घ्या, आणि वायरमनकडून ३० मिलिअँपिअरचा गळती-स्विच बसवून घ्या. मासे पुन्हा आणता येतात.

पुढच्या बैठकीला तापमानाची वही घेऊन या. हीटर घ्यायचा की नाही, ते आकडे बघून सगळ्या मिळून ठरवू.