पाणी कधी येतं, हे तिला ठाऊक होतं

बेळगाव, खानापूर, निपाणी, कोल्हापूरहून पहाटेच्या गाड्या पकडून आलेल्या शिक्षक बंधू-भगिनींनो,

हुबळीच्या विद्यानगरात आपण या परिषदेसाठी जमलो आहोत. १९४७ साली सुरू झालेलं भूमरड्डी अभियांत्रिकी महाविद्यालय, म्हणजे आजचं केएलई तंत्रज्ञान विद्यापीठ, इथून हाकेच्या अंतरावर आहे. आमची मुलं घरात मराठी, गल्लीत कन्नड आणि वर्गात इंग्रजी बोलत मोठी होतात. हायस्कूलच्या मुलांनी काय शिकायचं ते स्वतः ठरवावं का, आणि किती, या प्रश्नावर आज आपण बोलणार आहोत. माझा एक अनुभव सांगतो.

काही वर्षांपूर्वी मी नववीच्या वर्गाला म्हटलं, "विषय तुम्ही निवडा, मी मध्ये पडणार नाही." मुलांनी प्रश्न काढला : आपल्या नळाला रोज पाणी का येत नाही? मी हरखून गेलो. सवदत्तीचं मलप्रभेवरचं धरण, नीरसागर तलाव, टाक्या, व्हॉल्व्ह, पाणीपट्टी. भूगोल, गणित, नागरिकशास्त्र एकाच प्रश्नात गोळा झालं. एरवी तासाला पेंगणारी पोरं सुट्टीतही नकाशे काढत बसली. ही ओढ मी कधीच शिकवून आणू शकलो नसतो.

तीन आठवड्यांनी वह्या पाहिल्या. साठ जणांत काम दहा-बाराच मुलांचं होतं. त्यांच्या घरी कॉम्प्युटर होता, चारचौघांत बोलायची सवय होती. बाकीच्यांनी चार्टवर रंग भरले होते. मागच्या बाकावरची एक मुलगी तर तीन आठवडे गप्पच होती. मी विचारलं, "बाळ, तुमच्याकडे पाणी कधी येतं गं?"

"आठव्या दिवशी, सर. रात्री दोनला. व्हॉल्व्हमन आमची गल्ली शेवटी सोडतो. पहिलं गढूळ येतं, ते मी धुण्याला ठेवते. मग बावीस घागरी होतात."

त्या प्रश्नाची सगळ्यात मोठी जाणकार वर्गात होती आणि तिला कुणी विचारलंच नव्हतं. विचारायला हवं होतं मी. मी बाजूला झालो, तशी माझी जागा वर्गातल्या धीट मुलांनी घेतली. ती सल अजून आहे.

म्हणून मला पाबळ महत्त्वाचं वाटतं. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या या गावात विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून शाळांच्या आठवी ते दहावीच्या वर्गांत गेलेल्या अभ्यासक्रमात मुलं आठवड्यातला एक दिवस हातानं काम करतात : वेल्डिंग, वायरिंग, शेती आणि स्वयंपाक-आरोग्य. मुलगा असो की मुलगी, चारही विभाग प्रत्येकाच्या वाट्याला येतात. गावाला खरोखर लागणारं काम मुलं करून देतात. निवडीला वाव आहे, पण कुणी नुसतं रंग भरत बसणार नाही अशी मांडणी शिक्षकानं आधीच केलेली असते. तशी मांडणी करायला धडा शिकवण्याच्या दुप्पट वेळ लागतो, हे मी अनुभवानं सांगतो. साठांच्या वर्गात तो वेळ आणायचा कुठून, हे परिषदेनं स्पष्ट बोलावं.

दहावीचं ओझंही आहेच. एसएसएलसीचे ६२५ गुण समोर असताना पालक विचारतात, "सर, या पाण्याच्या प्रकल्पाला मार्क किती?" त्यांना मी दोष देत नाही. त्या गुणांवरच त्यांच्या पोरीचं पुढचं कॉलेज ठरतं. मी आठवी-नववीत मोकळीक जास्त आणि दहावीत बेताची ठेवतो. कुणाला ही तडजोड वाटेल. त्यांनी इथं जरूर वाद घालावा.

दुपारच्या सत्रात नववीची मुलं आपली कामं मांडतील. पुढं येऊन बोलणाऱ्यांचं कौतुक करा, आणि तक्त्यामागं उभ्या राहणाऱ्यांनाही एखादा प्रश्न विचारा.