मला पूर्ण शब्द सांगा



मी सोबत एक कागद आणला आहे. 20 वर्षांपूर्वीचा. घडीवर फाटला म्हणून मागून चिकटपट्टी लावली आहे. माझा मुलगा तेव्हा 9 महिन्यांचा होता आणि अजून मान धरत नव्हता. डॉक्टरांनी त्याला नीट तपासलं, माझ्याशी मऊपणानं बोलले आणि हा कागद हातात दिला. त्यावर एकच ओळ आहे, ती वाचून दाखवते : जीडीडी, मग एक प्रश्नचिन्ह, सीपी, ओटी, पीटी आणि शेवटी बेरा.

मी पदवीधर आहे. तरीही त्या ओळीतली दोनच अक्षरं मला ओळखीची वाटली. ओटी. आमच्या घरातलं कुणी दवाखान्यात असलं की ‘पेशंटला ओटीत नेलंय’ एवढं आम्ही ऐकलेलं होतं. म्हणजे ऑपरेशन. 9 महिन्यांच्या लेकराच्या डोक्याचं ऑपरेशन! मी हा कागद कपाटात साड्यांच्या खाली ठेवून दिला. सासूबाईंनी विचारलं, काय लिहिलंय गं? मी म्हटलं, ओटी लिहिलंय. त्या काही बोलल्या नाहीत. मंगळवारी देवळात जाऊन देवीची ओटी भरून आल्या. खण, नारळ, तांदूळ, सगळं यथासांग. त्यांना जो अर्थ ठाऊक होता त्याप्रमाणे त्यांनी त्या अक्षरांचं पालन केलं. त्या मंगळवारी देवापुढं बसलेल्या सासूबाई आठवल्या की आजही माझा घसा दाटतो.

यात तीन आठवडे गेले. पुढच्या खेपेला व्हरांड्यात एका सिस्टरना विचारण्याचा धीर केला, तेव्हा कळलं की ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी. आपण मराठीत व्यवसायोपचार म्हणतो. मला तोही शब्द कळला नाही. एवढ्याशा बाळाचा व्यवसाय कोणता? तेव्हा त्या सिस्टर म्हणाल्या, ‘अहो ताई, खेळणं, चोखणं, हातात खुळखुळा धरणं, हाच त्याचा व्यवसाय. तो करायला शिकवतात.’ डोक्यावरचा केवढा डोंगर उतरला! ज्या दोन अक्षरांनी माझी तीन आठवड्यांची झोप घेतली, त्यांच्या पोटात एक खुळखुळा होता.

या शब्दाचं आपल्या मातीशी नातं आहे, ते पुष्कळांना माहीत नसतं. एलिझाबेथ लंडी नावाच्या एक अमेरिकन बाई मराठी घरात लग्न करून आल्या आणि कमला निंबकर झाल्या. त्यांनी 1950 साली मुंबईत केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराचं शिक्षण देणारी आपल्या देशातली पहिली शाळा उभी केली. फलटणला कमला निंबकर बालभवन नावाची मराठी माध्यमाची शाळा आहे, ती त्यांच्याच नावाची. म्हणजे हे शास्त्र आपल्याकडे 70 वर्षांहून जास्त काळ रुजलेलं आहे. आणि तरी त्याचं नाव आईच्या कानापर्यंत दोन अक्षरांच्या वर पोचत नाही.

त्याच ओळीतल्या बाकीच्या अक्षरांबद्दलही सांगते. जीडीडी म्हणजे ग्लोबल डेव्हलपमेंटल डिले, सर्वच अंगांनी वाढ मागे असणं. हे नाव पाच वर्षांखालच्या मुलांसाठी वापरतात आणि ते तात्पुरतं असतं. मूल मोठं झालं की पुन्हा तपासून नेमकं निदान करायचं असतं. हे पालकांना सांगितलं नाही तर सात-आठ वर्षांच्या मुलाच्या फाइलवरही तेच नाव राहतं आणि पुढची तपासणी राहून जाते. अशा फाइली मी पाहिल्या आहेत. पीटी म्हणजे फिजिओथेरपी. बेरा ही कानापासून मेंदूपर्यंत आवाज पोचतो का, ते पाहणारी तपासणी. बाळ झोपलेलं असताना करतात, दुखत नाही. ‘दुखत नाही’ हे दोन शब्द त्या कागदावर मावले असते.

मी संक्षेपांच्या विरुद्ध बोलायला उभी नाही. बाहेर 60 माणसं बसलेली असताना डॉक्टर प्रत्येक वेळी लांबलचक नाव लिहू शकत नाहीत. आणि संक्षेप आपल्याला परके कुठं आहेत? लहानपणी आजोबा पत्र सांगत आणि मी लिहीत असे. ‘सा. न. वि. वि.’ लिही म्हणायचे. मी विचारलं तर हातातली पानाची चंची बाजूला ठेवून सांगायचे : साष्टांग नमस्कार विनंती विशेष. लहानांना ‘अ. उ. आ.’, म्हणजे अनेक उत्तम आशीर्वाद. घरात कुणीतरी मांडीवर घेऊन उलगडून दिलेली ती अक्षरं होती, म्हणून त्यांची कधी भीती वाटली नाही. या नव्या अक्षरांना आजोबा नाहीत.

शिवाय ती एकमेकांवर आदळतात. 1995 आणि 1999 च्या कायद्यांत एमआर, म्हणजे मेंटल रिटार्डेशन, हा शब्द होता, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात त्याच्या जागी आयडी आला, म्हणजे बौद्धिक अक्षमता. जुना शब्द माणसाला खाली पाडणारा होता, तो गेला हे चांगलंच झालं. पण आता ‘मुलीचं आयडी आहे का?’ असा प्रश्न आला की आई पिशवीतून आधार कार्ड काढते. दिव्यांगांच्या ओळखपत्राचं नाव यूडीआयडी, तिथंही आयडी आहेच, पण वेगळं. पीडब्ल्यूडी हे दिव्यांग व्यक्तीचं लघुरूप. आपल्याकडे ते रस्ते बांधणारं खातं.

पालक एकमेकांना धीर द्यायला मोबाइलवर जे गट करतात, तिथं परदेशातल्या पालकांचं लिखाण पुढं ढकललेलं येतं. त्यात डीएस असतं. आपल्याला वाटतं डाउन सिंड्रोम. तिकडच्या आया मात्र आपल्या मुलाला लाडानं ‘डिअर सन’ म्हणतात, त्याचं ते डीएस. डीडी म्हणजे कुणाची लाडकी लेक, तर कुणाच्या लेखी विकासातली दिरंगाई. ऑटिझम असलेल्या मुलाच्या एका आईनं असं काही वाचून रात्रभर विचार केला की आपल्या मुलाला ऑटिझमबरोबर डाउन सिंड्रोमही असेल का. सकाळी सहा वाजता तिचा मला फोन आला.

आणि एनटी. न्यूरोटिपिकल, म्हणजे ज्याच्या मेंदूची घडण सर्वसाधारण मुलांसारखी आहे असं मूल. एका केंद्रात ताईंनी एका आजोबांना सांगितलं, ‘तुमचा नातू एनटी नाही.’ ते गृहस्थ घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी जातीच्या दाखल्याची प्रत घेऊन आले. ‘आमची भटक्या जमातीतली नोंद आहे, तीन पिढ्यांची आहे. नातू एनटी नाही असं कसं म्हणता?’ महाराष्ट्रात हयात घालवलेल्या माणसाला त्या अक्षरांचा दुसरा अर्थ कसा सुचावा? त्यांना वाटलं, नातवाचं काहीतरी काढून घेतलं जातंय. ताईंनी खुर्ची ओढून त्यांना बसवलं आणि अर्धा तास समजावून सांगितलं. तो अर्धा तास आदल्या दिवशी द्यायला हवा होता, असं त्या ताईच मला म्हणाल्या.

शब्द परदेशातून येतो तेव्हा त्याच्यामागचा कायदा बरोबर येत नाही, ही मला सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते. आयईपी घ्या. मुलाची स्वतःची, त्याच्यापुरती आखलेली शिक्षण योजना. अमेरिकेत 1975 च्या कायद्यानं हा शब्द आला, तो कायदा आज आयडिया या नावानं ओळखतात. तिथं आयईपी हा बंधनकारक दस्तऐवज आहे. त्यात लिहिलेली मदत शाळेनं द्यायचीच असते, ती ठरवताना पालक बैठकीत बसतात आणि पटलं नाही तर दाद मागू शकतात. इंग्लंडमध्ये 2014 च्या कायद्यानं वेगळा आराखडा आला, त्याला ईएचसीपी म्हणतात, आणि तो वयाच्या 25 वर्षांपर्यंत चालू शकतो. न्यू जर्सीतली मराठी आई, लंडनमधली मराठी आई आणि आपल्या तालुक्याच्या गावातली आई एकाच गटात बोलतात, तेव्हा तिघी ‘मुलाचा प्लॅन’ म्हणतात, पण तिघींच्या हातात वेगवेगळी वस्तू असते. आपल्याकडे चांगल्या शिक्षिका आयईपी मन लावून करतात. मात्र तिच्यामागं अमेरिकेसारखं कायद्याचं बळ नाही. आपलं बळ 2016 च्या कायद्यात आहे. 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क तो कायदा देतो. शाळेत भांडायचं तर हे हातात घेऊन भांडावं. न्यू जर्सीचा शब्द घेऊन गेलेली आई रिकाम्या हातानं परत येते.

काही अक्षरांच्या मागं दार असतं. डीईआयसी म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र. मुलांच्या तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम 2013 साली आपल्या पालघरहून सुरू झाला, त्याचाच हा भाग. तिथं बालरोगतज्ज्ञ, वाचा-श्रवण तज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, मानसतज्ज्ञ एका छताखाली आणि मोफत भेटावेत अशी ही कल्पना. एक शेतमजूर जोडपं आठवड्यातून तीनदा एसटीनं शहरात जाऊन पैसे भरून उपचार घेत होतं. ज्या रुग्णालयाच्या आवारातून ते स्टँडकडे चालत जायचे, तिथंच हे केंद्र होतं. पाटीवर इंग्रजी चार अक्षरं. वर्षभर ते त्या पाटीखालून गेले.

तसंच एलएलसी. माझ्या मैत्रिणीची मुलगी बौद्धिक अक्षमता असलेली. ती 18 वर्षांची झाली आणि बँकेत आईची सही चालेना. कुणीतरी म्हणालं, एलएलसीकडं जा. मैत्रिणीनं शोधलं तर कंपन्याच कंपन्या. ती असते स्थानिक स्तरीय समिती. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली बसते आणि कायदेशीर पालकत्व देते. ज्यांची मुलं 15-16 वर्षांची आहेत त्यांनी हे नाव आजच पूर्ण लिहून घ्यावं.

आता माझ्याकडून घडलेली एक गोष्ट सांगते. सुरुवातीला मला ज्या अक्षरांनी छळलं, त्यांच्याच आडोशाला मी पुढं राहू लागले. एसटीत शेजारची बाई विचारायची, काय झालंय हो बाळाला? मी म्हणायची, सीपी आहे. तिला काही कळायचं नाही आणि पुढचा प्रश्न यायचा नाही. मेंदूचा पक्षाघात असं म्हटलं असतं तर तिनं हळहळ केली असती, आणि ती मला सोसली नसती. किती आयांना मी असं करताना पाहिलं आहे. त्यांना मी दोष देत नाही. उन्हात उभ्या असलेल्या माणसाला सावली लागते.

पण मुलाच्या बाराव्या वर्षी एका संध्याकाळी मी त्याच्या पायांना पट्टे बांधत होते. तो सावकाश, एकेक शब्द जोडून बोलतो. त्यानं विचारलं, ‘आई, सीपी म्हणजे काय?’ इतकी वर्षं हे त्याचं नाव म्हणून मी साऱ्या जगाला सांगत होते आणि त्यालाच कधी सांगितलं नव्हतं. मी पूर्ण शब्द सांगितला. जन्माच्या वेळी मेंदूला थोडी इजा झाली, म्हणून मेंदूचे निरोप पायांपर्यंत नीट पोचत नाहीत, असं सांगितलं. त्यानं स्वतःच्या कपाळावर बोट ठेवलं. ‘म्हणजे ते इथं आहे?’ हो म्हटलं. बराच वेळ तो पायांकडं बघत राहिला. मग म्हणाला, ‘मग तुम्ही सगळे पायांनाच का ओरडता?’

त्या दिवसापासून आम्ही घरात ‘पाय सरळ ठेव’ असं खेकसणं बंद केलं.

आमच्या पालकगटात आता एक रीत आहे. कुणीही अक्षरं लिहिली की पहिल्या वेळी पूर्ण शब्द आणि त्याखाली मराठीत एक ओळ लिहायची. कुणी लिहिलं नाही तर कुणीही, अगदी काल आलेली आईसुद्धा, ‘पूर्ण शब्द सांगा’ एवढंच लिहिते आणि तिला उत्तर मिळतं. डॉक्टरांना माझी हात जोडून विनंती आहे : कागदावर अक्षरं लिहा, फक्त तो हातात देताना एकदा मोठ्यानं वाचून दाखवा. एक मिनिट लागतं. आयांनो, तुम्हीही तिथंच विचारा. कागद साड्यांच्या खाली ठेवू नका.

आम्ही जमवलेल्या शब्दांची वही मागच्या टेबलावर ठेवली आहे. प्रती पुरेशा आहेत, पैसे द्यायचे नाहीत. डाव्या पानावर अक्षरं, उजव्या पानावर अर्थ, आणि खाली जागा मोकळी सोडली आहे, तुम्हाला भेटलेली अक्षरं तिथं लिहून आम्हाला कळवा. ‘ओटी’चं पान सासूबाईंनी सांगितलं तसं लिहिलं आहे. त्यांनी दोन्ही अर्थ ठेवायला लावले.