दसऱ्याच्या आधी

मुख्याध्यापक बंधू-भगिनींनो,

१५ जूनला आपापल्या शाळेची घंटा वाजेल. त्याआधी आपण सगळेच वार्षिक आराखडा लिहायला बसू. मला बोलायचं आहे ते त्या आराखड्याबद्दल.

मी तो अनेक वर्षं लिहिला. गुणवत्ता वाढवणे, पटनोंदणी शंभर टक्के करणे, पालकांचा सहभाग वाढवणे, परिसर हिरवा करणे. एका वर्षी बावीस उद्दिष्टं झाली. मार्चअखेर फाइल उघडून पाहिली, यातलं झालं काय आणि राहिलं काय? एकाचंही उत्तर देता येईना. सगळं ‘चालू’ होतं.

त्याच आठवड्यात चौथीतली एक मुलगी ऊसतोडीवरून परतली. दिवाळीनंतर आईबापाबरोबर टोळीत गेलेली. तिनं दप्तरातून गणिताची वही काढून माझ्यापुढं धरली. दिवाळीच्या सुट्टीतल्या अभ्यासानंतरची सोळा पानं उभ्या रेघांनी भरलेली, दर पाचवी रेघ आडवी. आईनं डोक्यावरून ट्रकमध्ये चढवलेल्या मोळ्यांचा हिशेब! प्रत्येक पानाखाली बेरीज, आणि प्रत्येक बेरीज बरोबर. “मोळ्या मोजायचं काम माझ्याकडं होतं, सर,” म्हणाली. मी पुस्तक उघडून एक परिच्छेद वाचायला दिला. पहिल्याच जोडाक्षरापाशी ती अडली, आणि वही छातीशी धरून तशीच उभी राहिली. माझ्या हजेरीपटात तिच्या नावापुढं तांबड्या शाईत लिहिलं होतं, ‘सतत गैरहजर’.

मित्रहो, आपलं शैक्षणिक वर्ष कागदावर जून ते एप्रिल आहे. सेनगाव, औंढा, कळमनुरीकडच्या कितीतरी वस्त्यांत ते दसरा-दिवाळीलाच मोडतं. हिंगोलीच्या रामलीला मैदानावरचं दसऱ्याचं प्रदर्शन उठतं आणि गावात ट्रक येऊन लागतात. उचल आधीच घेतलेली असते, जाणं टळत नाही. वसमतकडं हळदीची काढणी आणि शिजवणी सुरू झाली की तिथले वर्ग विरळ होतात. अशा जिल्ह्यात मार्चवर नजर ठेवून उद्दिष्ट लिहिलं, तर ज्यांच्यासाठी ते लिहायचं तीच मुलं तोवर निघून गेलेली असतात. निपुण भारत अभियान २०२१ साली आलं. तिसरीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला वाचता यावं, साधं गणित यावं, यासाठी त्यानं २०२६-२७ ची मुदत घातली. ती देशाची मुदत झाली. माझ्या शाळेची मुदत दसरा.

पुढच्या वर्षी आराखड्यात मी एकच उद्दिष्ट लिहिलं: बाहेर जाणाऱ्या घरांतली दुसरी-तिसरीची अकरा मुलं दसऱ्याच्या आत न पाहिलेला परिच्छेद वाचतील. खाली अकरा नावं. त्या एका ओळीनं माझा सगळा दिवस हलवला. माहिती भरणं दुपारनंतर गेलं आणि पहिली तासिका त्या मुलांची झाली. आणि मी स्वतः शिकवत असल्यानं तपासणी माझ्याकडं ठेवली नाही. दर शनिवारी ती आमच्या सहशिक्षिका बाईंनी करायची, असं ठरवलं. पहिल्याच शनिवारी त्या म्हणाल्या, “सर, तुम्ही आधी वाचून दाखवता. मुलं पाठ म्हणतात, वाचत नाहीत.”

झोंबलं. पण आपण संत नामदेवांच्या नरसीच्या जिल्ह्यातली माणसं आहोत. परंपरा सांगते, नामदेवांची भक्ती सर्वांना ठाऊक झालेली असताना गोरोबाकाकांनी डोक्यावर थापटी मारून त्यांचं मडकं कच्चं ठरवलं. नामदेव दुखावले, तरी पुढं औंढ्याला विसोबा खेचरांकडं शिकायला आले. आपल्या शाळेत आपल्या डोक्यावर थापटी मारायचा अधिकार आपण कुणाला दिला आहे? तो दिल्याशिवाय उद्दिष्ट लिहूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मी त्या दिवसापासून आधी वाचून दाखवणं बंद केलं.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. तिची सभा आम्ही भाद्रपदातच घेतली. कुणाची आजी गावात राहणार, कोण हंगामी वसतिगृहात जेवेल, कोण नक्की जाणार, हे तिथंच नावानिशी ठरलं. जाणाऱ्यांच्या हाती शिक्षण हमी कार्ड दिलं आणि ते जिथं उतरणार तिथल्या शाळेला फोन केला.

दसऱ्यापर्यंत अकरांपैकी आठ मुलं वाचू लागली. तीन राहिली. त्या तिघांची नावं मला आजही तोंडपाठ आहेत. बावीस उद्दिष्टांच्या काळात एकही नाव पाठ नव्हतं.

औंढा तालुक्यात दुधाळ्याजवळ लायगो ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहायची आहे. केंद्र सरकारनं २०२३ साली तिला २६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि अणूच्या गाभ्याहूनही कितीतरी बारीक थरथर टिपणारी यंत्रणा. इतकं सूक्ष्म मोजमाप ज्या तालुक्यात होणार, त्या तालुक्यातलं मूल वाचतं की पाठ म्हणतं, एवढं तरी आपल्याला मोजता आलं पाहिजे. तिथं काम करायला याच मुलांतलं कुणी जावं, अशी माझी फार इच्छा आहे.

नोंदणीच्या टेबलावर कोरे कागद ठेवले आहेत. जेवणाआधी प्रत्येकानं एक घ्या. त्यावर शाळेचं नाव, एक तारीख, मुलांची नावं आणि तुमचं काम तपासणाऱ्या सहकाऱ्याचं नाव लिहा. बाकी काही लिहू नका. दुपारच्या सत्रात आपण ते कागद एकमेकांना वाचून दाखवू. पहिला माझा असेल. यंदा त्यावर नऊ नावं आहेत.