मोर्तब होण्यापूर्वीं



पुण्याहून सातारच्या रस्त्यानें निघालें म्हणजे आधीं चेलाडीचा फाटा लागतो. तेथून नसरापूरवरून आंत शिरलें कीं, तोरण्याच्या पायथ्याचें वेल्हे येतें आणि शेजारीं राजगड उभा दिसतो. फाट्यास न वळतां कापूरहोळपर्यंत जाऊन उजवी धरली, तर नीरेच्या कांठचें भोर. १९४८ सालीं संस्थान विलीन होईपर्यंत भोरास पंत सचिवांची गादी होती आणि तोरणा व राजगड हे दोन्ही किल्ले त्याच संस्थानांत मोडत होते.

‘सचिव’ म्हटलें कीं, आज मंत्रालयांतला मोठा अधिकारी डोळ्यांपुढें येतो. परंतु अष्टप्रधानांतील या पदाचें मूळचें काम निराळें आणि अधिक बारकाईचें होतें. पूर्वीं ज्याला सुरनीस म्हणत, त्यालाच १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळीं सचिव हें नांव मिळालें. राजाच्या नांवानें निघणारा कागद तपासावा, त्यांत कमीजास्त झालेला मजकूर शुद्ध करावा आणि मगच त्यावर आपली निशाणी करावी, हें त्याचें कर्तव्य. पत्राचा मजकूर जेथें संपे तेथें मोर्तबाचा शिक्का उठत असे. या शिक्क्यामुळें त्याखालीं मागाहून कोणास एक ओळही घुसडतां येत नसे. कागद कागदास चिकटवून लांब केलेला असला, तर सांध्यावरही शिक्का. या सर्व खटाटोपामागें एकच समजूत होती. राजाची मुद्रा कितीही थोर असली, तरी ती स्वतः वाचूं शकत नाहीं. ती ज्या मजकुरावर उठेल त्या मजकुराला बळ देते. म्हणून मुद्रेच्या आधीं डोळा हवा.

हें सारें आज सांगण्याचें कारण असें कीं, तशीच एक मुद्रा आतां पुष्कळ घरांतील तरुणांच्या खिशांत आलेली आहे; मात्र तिच्याजवळ बसणारा सचिव आलेला नाहीं.

बिटकॉइन, इथेरियम वगैरे आभासी चलनांचें नांव आतां कोणास नवें नाहीं. हें चलन म्हणजे जगभरच्या संगणकांवर एकाच वेळीं लिहिली जाणारी एक सामाईक खतावणी होय. खातेदाराजवळ एक गुप्त किल्ली असते. त्या किल्लीनें केलेली गणिती सही हीच त्याची ओळख. सही खरी आहे कीं नाहीं, हें खतावणी बिनचूक पडताळते. परंतु सही करणाऱ्यास मजकूर समजला होता काय, त्याला कोणी फसविलें काय, हें ती विचारीत नाहीं. बँकेंत दिलेला चेक वटण्यापूर्वीं थांबवितां येतो. येथें नोंद पक्की झाली म्हणजे ती फिरविणारा अधिकारी सामान्यतः कोणी नाहीं.

यांत काय घडूं शकतें, याचा अनुभव महाराष्ट्रानें जवळून घेतला आहे. मुंबईच्या वझीरएक्स या आभासी चलनाच्या बाजारपेढीच्या एका वॉलेटांतून १८ जुलै २०२४ रोजीं सुमारें २३ कोटी डॉलर, म्हणजे तेव्हांच्या दरानें १,९०० कोटी रुपयांहून अधिक किंमतीचें चलन चोरीस गेलें. त्या तिजोरीला एक कुलूप नव्हतें. सहा सह्या करणारे नेमलेले होते: पांच पेढीचे आणि एक सांभाळ करणाऱ्या लिमिनल या कंपनीचा. पेढीच्या तिघांनीं सही केल्यावर कंपनीची सही होई आणि मगच पैसा हले. पेढीच्या म्हणण्याप्रमाणें, पडद्यावर दिसत होता तो मजकूर एक होता आणि प्रत्यक्षांत सही झाली ती निराळ्याच मजकुरावर. कंपनीनें आपल्या यंत्रणेंत दोष नसल्याचें सांगितलें. दोष कोणाचा हा वाद बाजूला ठेवला, तरी एक गोष्ट उरते. सह्या खऱ्या होत्या. कोणाची सही कोणी गिरविली नव्हती. ठेवीदारांना मात्र आपले पैसे काढणें बंद झालें आणि प्रकरण सिंगापूरच्या उच्च न्यायालयापर्यंत गेलें.

पुढें सातच महिन्यांनीं, २१ फेब्रुवारी २०२५ रोजीं, बायबिट नांवाच्या परदेशी पेढीवर असाच प्रसंग ओढवला आणि सुमारें दीडशें कोटी डॉलरचें इथेरियम गेलें. तेथें सही करणाऱ्यांना पडद्यावर नेहमींचा व्यवहार, नेहमींचाच पत्ता दिसत होता. प्रत्यक्ष मजकूर तिजोरीचे नियमच बदलून टाकणारा होता. या दोन्ही चोऱ्यांचा ठपका अमेरिकेनें उत्तर कोरियाच्या हस्तकांवर ठेवला. तात्पर्य, एकाऐवजीं चार माणसांनीं सह्या केल्यानें सुरक्षितता चौपट होत नाहीं. चौघेही एकाच खिडकींतून पाहत असतील आणि त्या खिडकीची कांचच रंगविलेली असेल, तर चार डोळ्यांचा उपयोग एका डोळ्याएवढाच.

आतां मोठ्या पेढ्यांवरून घरगुती व्यवहाराकडे वळूं या. भोर-वेल्ह्याकडे पुणें शहर जसजसें सरकत आलें, तसतसे जमिनीचे व्यवहार वाढले आणि लोकही सावध झाले. सातबारा पाहिल्याखेरीज, फेरफार वाचल्याखेरीज, दुय्यम निबंधकाच्या कचेरींत शोध घेतल्याखेरीज शहाणा माणूस इसाराचा रुपया देत नाहीं. कोऱ्या कागदावर अंगठा उठवूं नये, हें तर न शिकलेल्या म्हातारीलाही ठाऊक असतें. समजा, अशाच एका घरचा नातू ओट्यावर बसून मोबाइलवर सही करीत आहे आणि आजोबा विचारतात, “अरे, काय लिहिलें आहे त्यांत?”

“आजोबा, तें यंत्राच्या भाषेंत असतें. वाचतां येत नाहीं.”

“मग कोणाला काय देतो आहेस, हें तुला कसें कळलें?”

या प्रश्नाला नातवाजवळ उत्तर नसेल, तर त्यानें बोट मागें घ्यावें, हेंच शहाणपण.

या न वाचलेल्या मजकुरांत धोके मुख्यतः तीन वेषांत येतात. पहिला वेष कुलमुखत्यारपत्राचा. पुष्कळ ठिकाणीं सही मागतात ती पैसे पाठविण्यासाठीं नसते. ‘अमुक कॉन्ट्रॅक्टास माझ्या खात्यांतून पैसे उचलण्याची परवानगी आहे’ एवढेंच तींत म्हटलेलें असतें. रकमेच्या जागीं मात्र अनेकदां ७८ अंकी संख्या असते, म्हणजे व्यवहारांत अमर्याद. त्या दिवशीं खात्यांतून कांहींच जात नाहीं, म्हणून माणूस निर्धास्त राहतो. महिन्यांनंतर खात्यांत रक्कम जमा होते आणि जुन्या मुखत्यारपत्राच्या बळावर ती उचलली जाते.

दुसरा वेष ‘केवळ सही’चा. येथें खतावणीचें शुल्कही लागत नाहीं. नुसतें ओळख पटविण्यासाठीं सही करा, असें सांगतात. परंतु कांहीं चलनांत अशा कागदाबाहेरच्या सहीनेंही पैसे उचलण्याची परवानगी देतां येते. ती सही घेऊन समोरचा मनुष्य आपल्या सोयीनें खतावणीकडे जातो.

तिसरा वेष जुळ्या भावाचा. इथेरियमचा पत्ता चाळीस चिन्हांचा असतो. एवढा पत्ता कोण वाचणार? वॉलेटेंही पहिलीं चार आणि शेवटचीं चार चिन्हें दाखवून मधला भाग झांकतात. भामटा नेमकीं तींच आठ चिन्हें असलेला पत्ता तयार करतो. प्रत्येक जागीं सोळा प्रकार संभवतात, तेव्हां त्यासाठीं सरासरीनें सुमारें ४२९ कोटी प्रयत्न लागतात. आजच्या संगणकाला हें काम अवघड नाहीं. मग तो त्या पत्त्यावरून खात्यांत एक नगण्य व्यवहार करून ठेवतो. पुढें खातेदार जुन्या यादींतून पत्ता उचलतो आणि रक्कम जुळ्या भावाकडे जाते. मे २०२४ मध्यें एका खातेदाराचे याच रीतीनें सुमारें ६ कोटी ८० लाख डॉलर गेले. चोरानें त्यांतील बहुतेक रक्कम पुढें परत केली. परंतु अशा सद्बुद्धीवर कोणी संसार चालवीत नाहीं.

यावर उपाय काय? पहिला उपाय रंगीत तालमीचा. आतां अनेक वॉलेटें सही घेण्यापूर्वीं तो व्यवहार खतावणीच्या प्रतीवर चालवून पाहतात आणि खात्यांतून काय जाईल, काय येईल, कोणास काय अधिकार मिळेल, हें सोप्या शब्दांत सांगतात. ओळखीचा भामटा पत्ता असेल तर ताकीदही देतात. ही सोय अवश्य वापरावी. परंतु तालीम म्हणजे प्रयोग नव्हे. तालमीनंतर आणि प्रत्यक्ष नोंदीपूर्वीं परिस्थिति बदलूं शकते. कांहीं कॉन्ट्रॅक्टें तर तालमींत सभ्यपणें वागतील अशींच लिहिलेलीं असतात. शिवाय कालच निघालेला भामटा आजच्या यादींत नसतो. ताकीद आली तर थांबावें. ती आली नाहीं, एवढ्यावरून मात्र व्यवहार निर्मळ समजूं नये.

दुसरा उपाय दुसऱ्या खिडकीचा. किल्ली सांभाळण्यासाठीं स्वतंत्र लहान यंत्रें मिळतात. सही होते ती त्या यंत्रांत. म्हणून मोबाइलच्या वा संगणकाच्या पडद्यावर काय दिसतें यापेक्षां त्या यंत्राच्या छोट्या पडद्यावर काय दिसतें, याला अधिक मान द्यावा. दोहोंचा मजकूर जुळला तर पुढें जावें. यंत्र मजकूर न दाखवितां आंधळी सही मागत असेल, तर ती देऊं नये.

बाकीचे उपाय घरगुती शहाणपणाचे आहेत. पत्ता जुन्या यादींतून न घेतां ज्याला द्यावयाचें त्याच्याकडून घ्यावा आणि मधल्या चिन्हांसकट सबंध जुळवावा. मोठी रक्कम धाडण्यापूर्वीं लहान रक्कम धाडून ती पोंचल्याची खात्री करावी. परवानगी द्यावी लागली, तर लागेल तेवढ्याच रकमेची द्यावी आणि काम झाल्यावर रद्द करावी. रद्द करण्यास थोडें शुल्क पडतें, तें वायां जात नाहीं. रोजच्या व्यवहाराचें पाकीट निराळें आणि साठवणीची तिजोरी निराळी ठेवावी. किल्लीचे बारा वा चोवीस शब्द कोणीही, कोणत्याही निमित्तानें मागितले, तरी देऊं नयेत. आणि ‘पांच मिनिटांत सही करा, नाहीं तर संधि गेली’ असें कोणी म्हणूं लागला, तर ती घाईच संशयाचें कारण समजावी. खऱ्या कागदाला उद्यां सकाळपर्यंत थांबतां येतें.

एवढें करूनही चूक झालीच, तर लाज बाळगून गप्प बसूं नये. उरलेलें चलन ताबडतोब नव्या किल्लीच्या खात्यांत हलवावें, परवानग्या रद्द कराव्या आणि १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पैसे परत मिळतीलच अशी हमी कोणी देऊं शकत नाहीं. परंतु चोरीचें चलन एखाद्या ओळखदेख घेणाऱ्या पेढींत पोंचलें, तर तेथें तें अडविण्याची संधि असते, आणि ती तासागणिक कमी होत जाते.

आभासी चलन घ्यावें कीं घेऊं नये, हा ज्याच्या त्याच्या विचाराचा प्रश्न आहे. भारतांत तें कायदेशीर चलन नाहीं आणि त्यावरील नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आहे, एवढें ध्यानांत ठेवावें म्हणजे झालें. परंतु ज्यानें घेतलें, त्यानें राजा आणि सचिव या दोन्ही भूमिका स्वतःच पार पाडल्या पाहिजेत. राजगडावर मुद्रा उठविण्याचें काम क्षणाचें होतें. वेळ लागे तो कागद वाचण्यास. तो वेळ देणारा माणूस पगार देऊन नेमावा, इतकें त्या कामाचें मोल तेव्हांच्या राज्याला वाटलें होतें. आजच्या खातेदारास त्यासाठीं चार-दोन मिनिटें पुरतात, आणि तीं त्यानें स्वतःच्या धन्यासाठीं, म्हणजे स्वतःसाठींच, खर्चावींत.