वैमानिकपदाची निवड आणि ग्रामीण विद्यार्थ्यांची पूर्वतयारी

(कळंब, जि. धाराशिव येथे शिक्षक, पंचायत सदस्य व अधिकारी यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



भारतीय विमान वाहतुकीच्या इतिहासात महाराष्ट्राचे स्थान आरंभापासूनचे आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन आणलेले विमान मुंबईत जुहूच्या धावपट्टीवर उतरविले. १९८५ साली कॅप्टन सौदामिनी देशमुख यांच्या नेतृत्वाखाली इंडियन एअरलाइन्सच्या एका विमानाचे उड्डाण संपूर्णपणे महिला कर्मचाऱ्यांनी केले. आज भारतातील वैमानिकांत महिलांचे प्रमाण सुमारे १५ टक्के असून ते जागतिक सरासरीच्या जवळजवळ तिप्पट आहे. मांजरेकाठच्या शाळांतील मुलामुलींनी या पेशाकडे पाहावे, हे स्वाभाविकच आहे. परंतु या मार्गावरील खर्च मोठा आहे. अपुऱ्या माहितीवर घेतलेला निर्णय एखाद्या शेतकरी कुटुंबाची जमीन घेऊन जाऊ शकतो. म्हणून या निवडीची रीत शिक्षकांनी व लोकप्रतिनिधींनी नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

परवाना म्हणजे नोकरी नव्हे

व्यावसायिक वैमानिकाचा परवाना नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देते. त्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात. भौतिकशास्त्र व गणित या विषयांसह बारावी उत्तीर्ण असण्याची अट १९९० च्या दशकापासून चालत आली असून ती शिथिल करण्याचा विचार २०२५ मध्ये सुरू झाला. कला वा वाणिज्य शाखेचे अनेक विद्यार्थी मुक्त विद्यालयातून हे दोन विषय उत्तीर्ण होऊन पात्र ठरले आहेत. परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण आवश्यक असते. त्यात सुमारे ५५५ किलोमीटरचा, म्हणजे ३०० सागरी मैलांचा, एक प्रवास स्वतःच्या जबाबदारीवर करावा लागतो. हवाई मार्गनिर्धारण, हवामानशास्त्र, हवाई नियम व विमानाचे तंत्र या विषयांच्या लेखी परीक्षांत किमान ७० टक्के गुण लागतात. रेडिओ संभाषणाची परीक्षा वेगळी असते.

एवढे झाले म्हणजे विमान कंपनीत अर्ज करण्याची पात्रता येते. नोकरीची हमी मिळत नाही. किंगफिशर २०१२ मध्ये, जेट एअरवेज २०१९ मध्ये आणि गो फर्स्ट २०२३ मध्ये बंद पडली, तेव्हा अनुभवी वैमानिकही एकाएकी नोकरीच्या शोधात निघाले आणि नवशिक्यांची रांग लांबली. उलट, २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० व इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदविली. अशी भरती-ओहोटी हा या व्यवसायाचा स्वभावच आहे. परवाना हाती आल्यावर दोन-तीन वर्षे थांबावे लागले तर घर चालेल काय, हा प्रश्न पालकांनी प्रवेशापूर्वीच स्वतःला विचारावा.

निवडीचे टप्पे

कंपनी प्रथम कागदपत्रे पाहते. परवाना, अनेक इंजिनांच्या विमानाची व उपकरणांच्या आधारे उड्डाणाची पात्रता, प्रथम श्रेणीचे वैद्यकीय प्रमाणपत्र आणि इंग्रजी भाषेच्या प्राविण्याची किमान चौथी पातळी यांची तपासणी होते. त्यानंतर लेखी परीक्षा व मानसशास्त्रीय चाचणी येते. या चाचणीत एका हाताने निशाण स्थिर ठेवीत असताना कानावर पडणारे आकडे लक्षात ठेवणे, यांसारखी कामे एकाच वेळी दिली जातात. काही कंपन्या गटचर्चा व कृत्रिम विमानकक्षातील चाचणीही घेतात. शेवटी मुलाखत असते.

मुलाखतीत उमेदवाराची उड्डाण-नोंदवही समोर ठेवली जाते. प्रत्येक तासाचा हिशेब देता आला पाहिजे. २०११ मध्ये बनावट गुणपत्रिकांच्या आधारे परवाने मिळविल्याची प्रकरणे उघडकीस येऊन काही वैमानिकांना अटक झाली होती. तेव्हा कागदपत्रांच्या सचोटीला येथे किती महत्त्व आहे, हे वेगळे सांगावयास नको. तांत्रिक प्रश्नांबरोबरच स्वभावाची पारखही होते. ज्येष्ठ वैमानिक चुकत असेल तर सहवैमानिक काय करील? थकवा असताना उड्डाण नाकारण्याचे धैर्य त्याच्यात आहे काय? उत्तर ठाऊक नसेल तर तसे सरळ सांगणारा उमेदवार अंदाजाने ठोकून देणाऱ्यापेक्षा विश्वासार्ह मानला जातो, कारण विमानात अंदाजाची किंमत प्रवाशांना मोजावी लागते.

वर्गातील अभ्यास, आकाशातील उपयोग

या प्रश्नांची तयारी कळंबच्या शाळेतही होऊ शकते. मुलाखतीत विचारले जाते की, उन्हाळ्यात विमानाला लांब धावपट्टी का लागते? तापलेली हवा विरळ होते, पंखांना मिळणारा आधार घटतो आणि इंजिनाची शक्तीही कमी पडते. समुद्रसपाटीपासून ६०० मीटर उंचीच्या धावपट्टीवर ४० अंश तापमान असेल, तर विमानाला तेथील हवा सुमारे १,६५० मीटर उंचीवरील हवेसारखी भासते. मराठवाड्याच्या मे महिन्यात हा धडा शिकविण्यास वेगळी प्रयोगशाळा नको. तसेच मार्गात एका अंशाची चूक राहिली तर ६० मैलांनंतर विमान सुमारे एक मैल बाजूला गेलेले असते. त्रिकोणमितीच्या तासाला हे उदाहरण दिले, तर गणिताचा कंटाळा असलेला विद्यार्थीही कान टवकारील.

मराठी माध्यम हा या मार्गातील अडसर नव्हे. वैमानिकाला अलंकारिक इंग्रजी लागत नाही. ऐकलेली सूचना अचूक समजणे, ती स्पष्ट शब्दांत परत उच्चारणे आणि न समजल्यास पुन्हा विचारणे, एवढे पुरते. शाळेत रोज दहा मिनिटे सूचना ऐकून ती पुन्हा उच्चारण्याचा सराव घेतला तरी मुलाखतीतील भीड चेपते.

पैसा व सावधगिरी

परवान्यापर्यंतचा खर्च साधारणतः ४० ते ६० लाख रुपये येतो. विशिष्ट जातीचे विमान चालविण्याच्या प्रशिक्षणाचा खर्च बहुधा त्याहून वेगळा असतो. काही कंपन्या प्रशिक्षणापूर्वीच उमेदवार निवडतात, परंतु अशा कार्यक्रमाचा खर्च एक कोटीच्या घरात जाऊ शकतो आणि त्यातील नोकरीही अटींवर अवलंबून असते. सर्वसाधारण शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांवरील कर्जास तारण मागितले जाते. म्हणून पायऱ्यांचा क्रम महत्त्वाचा आहे.

पहिली पायरी वैद्यकीय तपासणीची. शुल्काचा पहिला रुपया भरण्यापूर्वी द्वितीय व प्रथम श्रेणीची तपासणी करून घ्यावी. चष्मा असल्याने स्वप्न संपत नाही, मात्र रंग ओळखण्यातील दोष वेळीच कळलेला बरा. दुसरी पायरी संस्थेच्या निवडीची. महासंचालनालयाच्या मान्यताप्राप्त संस्थांची यादी पाहावी. २०२५ पासून या संस्थांची श्रेणीही जाहीर होऊ लागली आहे. उत्तर प्रदेशातील फुरसतगंज येथे केंद्र शासनाची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी असून तेथे प्रवेश परीक्षेद्वारे निवड होते. महाराष्ट्रात नागपूर फ्लाइंग क्लब व गोंदियाची राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था आहे. इतर मागासवर्गीय, विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गातील उमेदवारांसाठी 'महाज्योती' या शासकीय संस्थेने नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत प्रशिक्षणाची योजना राबविली आहे. तिच्या जाहिराती गावापर्यंत पोहोचविणे हे ग्रामपंचायतीच्या सूचना फलकाचे काम आहे. तिसरी पायरी सावधपणाची. नोकरीची हमी देऊन आगाऊ रक्कम मागणाऱ्या मध्यस्थास दारातूनच परत पाठवावे.

लातूर व धाराशिव येथे धावपट्ट्या आहेत. शाळांनी रीतसर परवानगी घेऊन विद्यार्थ्यांची सहल तेथे न्यावी. शंभर मुलांतील एखादाच वैमानिक होईल. इतरांना विमान देखभाल, हवाई वाहतूक नियंत्रण व हवामानशास्त्र या शाखांची ओळख होईल. जो वैमानिक होऊ इच्छितो, त्याला मात्र योग्य माहिती योग्य वेळी मिळावी आणि त्यापायी त्याच्या घरची जमीन धोक्यात येऊ नये. शिक्षक, पंचायत सदस्य व अधिकारी यांनी एवढी दक्षता घेतली, तर कळंब तालुक्यातील कोणत्याही गुणी मुलाची वाट केवळ अज्ञानापायी अडणार नाही.