गिटारच्या पिकअपला प्रीअँप कोणता?

गणेशोत्सवातला मंच असो, कॉलेजचं गॅदरिंग असो, नाहीतर गोव्यातल्या चर्चमधला क्वायर. घरी भरदार वाजणारी अकूस्टिक गिटार स्पीकरमधून मात्र किरटी ऐकू येते, हा अनुभव तुम्ही घेतला असेल. मग कुणी वाजवणाऱ्याला बोल लावतं, कुणी साऊंडवाल्याला. पुष्कळदा दोघंही निर्दोष असतात. पिकअप आणि मिक्सर यांचं एकमेकांशी जुळत नाही, एवढंच. ते जुळवण्याचं काम प्रीअँपचं.

दुकानात गेलं की आपण प्रीअँपच्या डबीवरची बटणं मोजतो. माझा आग्रह आहे, की आधी एक आकडा विचारा: इनपुट इम्पीडन्स किती? हा आकडा महत्त्वाचा का, ते पिकअपकडे पाहिलं की कळतं.

गिटारच्या ब्रिजवर तारांखाली पांढरी पट्टी असते, ती सॅडल. तिच्याखाली बसवलेला पिकअप बहुधा पिझो जातीचा असतो. काही स्फटिकांवर दाब दिला की विद्युतभार तयार होतो, हे पिएर आणि झाक क्यूरी या भावांनी १८८० साली दाखवलं. तारेच्या कंपनानं सॅडलवरचा दाब बदलतो आणि तोच गुण इथे कामाला येतो. पण हा भार फार थोडा. नदीच्या वाळूत खणलेल्या झऱ्याचं पाणी वाटीवाटीनं घ्यावं लागतं, पंप लावून चालत नाही. पिझोचंही तसंच आहे. ज्या यंत्राला आपण तो जोडतो, त्यानं त्याच्यातून अगदी कमी ओढलं पाहिजे. कमी ओढणारं यंत्र म्हणजेच जास्त इम्पीडन्सचं यंत्र.

आकड्यांत सांगतो. पिझोचा कपॅसिटन्स, म्हणजे भार साठवण्याची क्षमता, साधारण एक नॅनोफॅराड धरू. मिक्सरच्या लाइन इनपुटचा इम्पीडन्स पुष्कळदा १० किलोओमच्या आसपास असतो. थेट तिथे जोडलं तर जवळजवळ १६,००० हर्ट्झच्या खालचं सगळंच गळू लागतं, आणि स्वर जितका खर्जातला तितकी गळती जास्त. १ मेगाओमच्या इनपुटला ही सीमा १६० हर्ट्झवर उतरते. गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झवर वाजते, म्हणजे तळ अजूनही थोडा कमी पडतोच. १० मेगाओम दिले की सीमा १६ हर्ट्झवर जाते आणि पूर्ण खर्ज हाती लागतो. एल. आर. बॅग्ज कंपनीचा पॅरा अकूस्टिक डीआय हा प्रीअँप कलाकारांत इतका रुळला, त्यामागे हे १० मेगाओम आहेत.

पण सगळे पिकअप सारखे नसतात. साऊंडबोर्डच्या, म्हणजे गिटारच्या पुढच्या फळीच्या, आतल्या बाजूला चिकटवायच्या पिझोच्याच तीन चकत्या मिळतात. त्या एकत्र जोडल्या की कपॅसिटन्स वाढतो, म्हणून त्यांना १ मेगाओम पुरतो. त्याहून जास्त दिलं तर आवाज घुमायला लागू शकतो. साऊंडहोलमध्ये बसणारा मॅग्नेटिक पिकअप हा वेगळाच प्रकार, त्याला १ मेगाओम भरपूर झाला. नायलॉनच्या तारांवर तो चालत नाही, हेही लक्षात असू द्या. आणि गिटारच्या कडेला आधीच बटणं आणि बॅटरीची खोबण असेल, तर प्रीअँप आतच आहे. अशा गिटारला बाहेरचे १० मेगाओम नकोत, चांगला डीआय बॉक्स, म्हणजे गिटारचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी डबी, पुरे. वाजवून झालं की केबल मात्र काढून ठेवा, कारण जॅक आत असेपर्यंत बॅटरी खर्च होत राहते.

केबलबद्दल एक गैरसमज आहे. लांब केबलनं पिझोचा वरचा आवाज मरतो, असं म्हणतात. मॅग्नेटिक पिकअपच्या बाबतीत ते खरं आहे. पिझोच्या बाबतीत केबल एकूण आवाजच कमी करते. मीटरला सुमारे १०० पिकोफॅराड धरले, तर सहा मीटरच्या केबलनं साधारण चार डेसिबल जातात. म्हणून प्रीअँप गिटारजवळ ठेवा आणि तिथून पुढे मिक्सरपर्यंत बॅलन्स्ड, म्हणजे माइकच्या एक्सएलआर केबलनं जा. लांबच्या मंचावर हमिंग त्यामुळे बरंच आटोक्यात राहतं. एक्सएलआर आउटपुट नसलेला प्रीअँप मी तरी मंचासाठी घेणार नाही. ४८ व्होल्टच्या फँटम पॉवरवर चालणारा असेल तर आणखी चांगलं. बॅटरी ऐन गाण्यात दगा देत नाही.

आता बटणांकडे येऊ. मला दोनच अत्यावश्यक वाटतात: सिग्नल उलटा करणारं फेज आणि एखादी अरुंद पट्टीच कापणारं नॉच. गिटारच्या पोकळीतली हवा १०० हर्ट्झच्या आसपास स्वतःच घुमते. जाड तारेचा तिसऱ्या पडद्यावरचा जी ९८ हर्ट्झचा, म्हणजे नेमका तिथेच. मॉनिटरसमोर उभं राहिलात की फीडबॅक इथूनच सुरू होतो. आधी फेज उलटा करून बघा, नाही थांबला तर नॉच तिथे फिरवा. बास पूर्ण कापू नका, त्यानं गिटारचा जीवच जातो. मधल्या सुरांसाठी फिरवता येईल असा इक्वलायझर असला तर पिझोचा प्लॅस्टिकसारखा नाद थोडा खाली घेता येतो. रिव्हर्ब, कोरस मागाहून बघता येतील.

प्रीअँप लाकडाचा आवाज निर्माण करत नाही, पिकअपनं पकडलेलं तेवढंच राखतो. म्हणून खरेदीला जाताना स्वतःची गिटार आणि स्वतःची केबल घेऊन जा. बोटांनीही वाजवा, स्ट्रमिंगही करा, आणि हेडफोनवर न ऐकता मोठ्या स्पीकरवर ऐका. दुकानदार तशी सोय देत नसेल, तर दुसरं दुकान बघा.