निवृत्त घोडा आणि आपली जबाबदारी

(वर्षावास व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा सारांश)



आजचा विषय ऐकून काहींना नवल वाटलं असेल. विहारात घोड्याचं काय काम? पण राजवाडा सोडताना सिद्धार्थाला पाठीवर घेऊन निघालेला कंथक घोडा आपल्या सर्वांना माहीत आहे. स्वार पुढे निघून गेला, मग घोड्याचं काय झालं, हे मात्र आपण क्वचितच विचारतो. आज मला तेवढंच विचारायचं आहे.

आमच्या लहानपणी कल्याण स्टेशनबाहेर टांग्यांची रांग लागायची. आमच्या चाळीमागे एक टांगेवाले चाचा राहात. त्यांचा मोती नावाचा घोडा होता. माझ्या धाकट्या बहिणीला पोलिओ झालेला. इतर मुलं खेळायची आणि ही उंबऱ्यावर बसून बघायची. संध्याकाळी टांगा सोडला की चाचा म्हणायचे, "आओ बिटिया," आणि तिला मोतीच्या पाठीवर बसवायचे. एका बाजूने ते धरायचे, दुसऱ्या बाजूने मी. मोती अगदी सावकाश चालायचा. बहिणीचा पाय काही बरा झाला नाही, पण ताठ बसायला ती तिथे शिकली, आणि सगळ्यांपेक्षा उंचावरून बघायलाही!

पुढे रिक्षा वाढल्या, धंदा बसला. मोती म्हातारा झाला होता. चंदीचा खर्च चाचांना झेपेना. एके दिवशी व्यापारी आला आणि मोतीला घेऊन गेला. कुठे नेला, ते आम्हाला कधीच कळलं नाही. बहीण दोन दिवस जेवली नाही. आज ती आजी झाली आहे, तरी अजून विचारते, "दादा, मोतीचं काय झालं असेल रे?"

मित्रहो, चाचांनी नकळत जे केलं, त्याचं जगात आज रीतसर शास्त्र झालेलं आहे. डेन्मार्कच्या लिस हार्टेल या बाईंना १९४४ साली पोलिओ झाला. गुडघ्याखाली पाय कायमचे लुळे राहिले. घोड्यावर चढायला दुसऱ्याची मदत लागे. त्याच बाईंनी १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये घोडेस्वारीत रौप्यपदक मिळवलं. त्यांच्या उदाहरणाने अनेक देशांत अपंगांसाठी घोडेस्वारीच्या संस्था निघाल्या. इंग्लंडमधली अशी राष्ट्रीय संस्था १९६९ सालची आहे. आपल्या देशातही चेन्नईसारख्या शहरात असे उपक्रम झाले आहेत.

यात जादू काही नाही. घोडा चालतो तेव्हा स्वाराची कंबर पुढे-मागे, डावी-उजवीकडे हलते आणि थोडी वळतेही, जशी आपण स्वतः चालताना हलते. ज्या मुलाने कधी पाऊल टाकलेलं नाही, त्याच्या शरीराला चालण्याची ती लय मिळते. तोल सावरताना पाठीचे आणि पोटाचे स्नायू कामाला लागतात. घोड्याचं अंग आपल्यापेक्षा थोडं गरम असतं, त्या उबेने आखडलेले पाय सैल व्हायला मदत होते. आणि जे मूल माणसाशी बोलत नाही, ते कधी कधी घोड्याच्या मानेला हात लावून बोलू लागतं.

अशा कामाला उमदा, उसळणारा घोडा चालत नाही. शांत, न बुजणारा, माणसाळलेला लागतो. म्हणजे ज्याला आपण "आता काही उपयोगाचा नाही" म्हणतो, त्यातलाच एखादा! शर्यतीचा घोडा पाच-सहा वर्षांचा झाला की बहुधा मैदानाबाहेर जातो. पण नीट सांभाळलेला घोडा पंचवीस वर्षंही जगतो. मग मधली वर्षं त्याने कुठे काढायची?

हा प्रश्न आपल्या दारातला आहे. ८ जून २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतल्या हौशी व्हिक्टोरिया गाड्या बेकायदा ठरवल्या आणि त्या वर्षभरात बंद करायला सांगितल्या. त्या खंडपीठात न्यायमूर्ती अभय ओक होते, ज्यांनी वकिलीची सुरुवात आपल्या ठाण्याच्या न्यायालयात केली. घोड्यांचं आणि त्यावर पोट असलेल्या माणसांचंही पुनर्वसन करा, असं न्यायालयाने सरकारला सांगितलं. मला यातला "आणि" महत्त्वाचा वाटतो. नुसता घोडा वाचवायचा आणि चाचांना उपाशी ठेवायचं, ही करुणा नव्हे. चाचांच्या हातात चार पैसे असते, तर मोती गेलाच नसता.

कर्जत लाईनवर नेरळला उतरलं की माथेरान. तिथे शेकडो घोडी प्रवासी आणि सामान वाहतात. आता ई-रिक्षाही आल्या आहेत. उद्या तिथल्या घोड्यांचं आणि घोडेवाल्यांचं काय, याचा विचार आजच व्हायला हवा.

पण सावध राहूया. प्रत्येक म्हातारा घोडा या कामाला योग्य नसतो. लंगडणाऱ्या, पाठ दुखणाऱ्या घोड्याला खोगीर नकोच, त्याला सावली, चारा आणि विश्रांती द्यावी. तो त्याचा हक्क आहे. उपचाराच्या नावाखाली पुन्हा राबवणं नको. जनावराला उपाशी टाकून देणं हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे, हेही लक्षात असू द्या.

आणि आयाबायांनो, हे ऐकून उद्या कुणी लेकराला वरातीच्या घोड्यावर बसवू नका! आधी डॉक्टरांना विचारा. फिट येणाऱ्या, खुबा निखळलेल्या किंवा मानेची हाडं कच्ची असलेल्या मुलांना यात धोका असतो. घोडा धरणारा एक, दोन्ही बाजूंना माणसं, डोक्याला हेल्मेट आणि सोबत जाणकार फिजिओथेरपिस्ट, एवढं असेल तरच बसवायचं. हा उपचाराला जोड आहे, उपचाराऐवजी नव्हे.

शेवटी एकच विनंती. आपल्या वस्तीत असं लेकरू असेल तर त्याला घरात लपवू नका. त्याला विहारात आणा, शाळेत घाला. आपल्याकडे घोडा नसेल, पण दोन्ही बाजूंनी धरणारे हात तर आहेत! आणि माणूस असो की जनावर, काम संपलं म्हणून त्याची किंमत संपली, असं म्हणू नका. माझ्या बहिणीच्या प्रश्नाला माझ्याकडे अजून उत्तर नाही. पुढच्या मोतीबद्दल तरी ते आपल्याकडे असावं.